राष्ट्रपतींचे अधिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यघटना उघडून वाचली तर वाटतं, या देशात सगळं काही राष्ट्रपतीच करतात. पंतप्रधान तेच नेमतात, लोकसभा तेच विसर्जित करतात, सैन्यदलांचे सरसेनापती तेच, फाशी माफ करणारेही तेच. वर्तमानपत्र उघडलं तर वाटतं, ते फक्त भाषणं वाचतात आणि पदकं देतात. दोन्ही चित्रं अर्धवट आहेत. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांपासून व्हॉट्सअॅपवर वाद घालणाऱ्यांपर्यंत सगळे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

राष्ट्रपती देश चालवतात का?

नाही. कलम ५३ म्हणतं की केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे, पण कलम ७४ लगेच सांगतं की ती वापरायची पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हे स्पष्ट केलं होतं. आपल्या राष्ट्रपतींचं स्थान अमेरिकी अध्यक्षांसारखं नाही, ते इंग्लंडच्या राजासारखं आहे. ते राष्ट्राचे प्रतिनिधी आहेत, राज्यकर्ते नव्हेत, असा त्यांचा मुद्दा होता.

मात्र हा सल्ला बंधनकारक आहे, असं मूळ घटनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या मोकळ्या जागेवर पहिलं बोट ठेवलं ते पहिल्याच राष्ट्रपतींनी. हिंदूंच्या विवाह-वारसा कायद्यांत बदल करणाऱ्या हिंदू कोड बिलाला राजेंद्रप्रसादांचा विरोध होता, आणि १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना कळवलं की या विधेयकावर आपण स्वतःच्या विवेकाने वागू इच्छितो. नेहरूंनी अॅटर्नी जनरल सेटलवाड यांचं मत मागवलं. ते राष्ट्रपतींच्या विरोधात गेलं. तरी राजेंद्रबाबूंच्या मनातली शंका गेली नव्हती. १९६० मध्ये दिल्लीत वकील आणि न्यायाधीशांसमोर बोलताना त्यांनी हाच विषय जाहीरपणे काढला: राष्ट्रपती आणि इंग्लंडचा राजा यांची बरोबरी खरोखर कितपत होते, याचा अभ्यास व्हावा.

१९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी हा विषय निकालात काढला: राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख आहेत. दोन वर्षांनी आणीबाणीत ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि सल्ला बंधनकारक असल्याचं घटनेतच लिहिलं गेलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक छोटी खिडकी उघडली. राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र सही करावीच लागते.

मग त्यांना रबरस्टँप म्हणायला काय हरकत आहे?

शिक्क्याला प्रश्न विचारता येत नाहीत, ही हरकत आहे. कलम ७८ नुसार राष्ट्रपती मागतील ती माहिती देणं हे पंतप्रधानांचं कर्तव्य आहे. राष्ट्रपतींची खरी ताकद नकार देण्यात नाही, ती विचारण्यात आणि वेळ घेण्यात आहे. आणि ज्याला बहुमताची घाई आहे अशा सरकारसाठी वेळ ही फार महाग वस्तू असते.

ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेत माईक आणि खुर्च्या उडाल्या. गुजराल मंत्रिमंडळाने कल्याण सिंग सरकार बरखास्त करून राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस केली. के. आर. नारायणन यांनी ती परत पाठवली. मंत्रिमंडळाने पुन्हा आग्रह धरला नाही, विषय संपला. पुढच्या वर्षी वाजपेयी सरकारची बिहारबद्दलची शिफारसही त्यांनी अशीच परत केली. म्हणजे एकदा भाजपचं सरकार वाचलं, एकदा राबडीदेवींचं. बिहारची शिफारस १९९९ मध्ये पुन्हा आली तेव्हा नारायणन यांनी नियमाप्रमाणे सही केली. पण राज्यसभेत बहुमत नसल्याने वाजपेयी सरकारलाच ती राजवट मागे घ्यावी लागली.

सप्टेंबर २०१३ मधली गोष्ट आणखी बोलकी आहे. दोषी ठरलेल्या खासदार-आमदारांचं सदस्यत्व वाचवणारा वटहुकूम मनमोहन सिंग सरकारने सहीसाठी पाठवला. प्रणव मुखर्जींनी सही केली नाही आणि तो परतही केला नाही. त्यांनी गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे आणि कायदामंत्री कपिल सिब्बल यांना बोलावून घेतलं आणि विचारलं की एवढी घाई कशाची. दरम्यान राहुल गांधींनी जाहीरपणे त्या वटहुकुमाची चिरफाड केली आणि २ ऑक्टोबरला मंत्रिमंडळाने तो मागे घेतला. श्रेय कोणाला किती, यावर वाद घाला; पण राष्ट्रपतींनी त्याच दिवशी सही करून टाकली असती तर मागे घ्यायला काही उरलंच नसतं.

१९७५ मध्ये राष्ट्रपतींनी आणीबाणी रोखली का नाही?

घटनेच्या दृष्टीने रोखण्याची संधी होती, असं माझं मत आहे. २५ जूनच्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकच झालेली नव्हती. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतल्या १२ व्या नियमाचा आधार इंदिरा गांधींनी घेतला होता. तातडीची गरज असल्यास पंतप्रधान मंत्रिमंडळाला वळसा घालून निर्णय घेऊ शकतात आणि मंजुरी मागाहून घेता येते, असा तो नियम. ‘मंत्रिमंडळाने ठरवलंय का?’ एवढा एक प्रश्न त्या रात्री राष्ट्रपती भवनातून विचारला गेला असता तर आणीबाणी टळलीच असती असं नाही, पण निदान मंत्र्यांना झोपेतून उठवावं लागलं असतं.

४४ व्या दुरुस्तीने ही फट बुजवली. आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्याशिवाय राष्ट्रपतींना राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करता येत नाही. संसदेची मंजुरी महिन्याभरात आणि विशेष बहुमताने लागते. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून तिथे ‘सशस्त्र उठाव’ आला. राष्ट्रीय आणीबाणी आजवर तीनदा लागली: १९६२, १९७१ आणि १९७५. कलम ३६० ची आर्थिक आणीबाणी एकदाही नाही.

२०१९ मध्ये महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे कशी उठली?

त्याच १२ व्या नियमाने. ४४ व्या दुरुस्तीने दार बंद केलं ते फक्त राष्ट्रीय आणीबाणीसाठी; राष्ट्रपती राजवट उठवण्यासाठी ते उघडंच होतं.

क्रम असा होता. निकाल २४ ऑक्टोबरला लागले, सरकार बनेना, म्हणून १२ नोव्हेंबरला राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठवल्याची अधिसूचना निघाली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. राजवट उठवायची तर केंद्रीय मंत्रिमंडळाची शिफारस हवी. ती बैठक न घेता पंतप्रधानांनी १२ वा नियम वापरला आणि रामनाथ कोविंद यांनी सही केली. महाराष्ट्र चहा पीत टीव्ही लावेपर्यंत राज्याला मुख्यमंत्री मिळाला होता. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि २६ तारखेला फडणवीसांनी राजीनामा दिला.

हे बेकायदा होतं का? नियमात बसत होतं. पण तो नियम खऱ्या तातडीसाठी आहे, आणि त्या पहाटे नेमकी कसली तातडी होती याचं पटेल असं उत्तर मला आजही कुठे सापडत नाही. फेरविचाराला पाठवण्याचा अधिकार अशाच वेळेसाठी आहे.

राष्ट्रपती राजवट किती काळ चालू शकते?

दोन महिन्यांत संसदेची मंजुरी लागते, मग एका वेळी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं. एका वर्षापुढे न्यायची तर अटी कडक आहेत. १९९४ च्या बोम्मई निकालापासून न्यायालय कारणं तपासू शकतं आणि चुकीने बरखास्त केलेलं सरकार परतही आणू शकतं. महाराष्ट्रात ती १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा लागली.

संसदेने मंजूर केलेलं विधेयक राष्ट्रपती अडवू शकतात का?

कलम १११ प्रमाणे ते संमती देऊ शकतात, नाकारू शकतात किंवा फेरविचाराला परत पाठवू शकतात. दोन्ही सभागृहांनी पुन्हा मंजूर केलं तर संमती द्यावीच लागते. अर्थविधेयक परत पाठवता येत नाही. घटनादुरुस्ती विधेयकाबाबत तर १९७१ पासून पर्यायच नाही, सही करायची. २००६ मध्ये लाभाच्या पदासंबंधीचं विधेयक अब्दुल कलाम यांनी परत पाठवलं होतं. संसदेने ते जसंच्या तसं मंजूर केलं आणि त्यांनी सही केली.

पण चौथा, न लिहिलेला मार्ग आहे: काहीच न करणं. संमतीसाठी घटनेने मुदत दिलेली नाही. १९८६ मध्ये सरकारला लोकांची पत्रं उघडून वाचायची मुभा देणारं टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक संसदेने मंजूर केलं. राजीव गांधींच्या मागे प्रचंड बहुमत होतं. झैल सिंग यांनी ते नाकारलं नाही, परत पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. ते कधीच कायदा झालं नाही आणि २००२ मध्ये मागे घेतलं गेलं. ज्यांच्या इंदिरा गांधींवरच्या निष्ठेची सगळ्यात जास्त टिंगल झाली त्या राष्ट्रपतींनी हे केलं, याची मला गंमत वाटते.

राज्याच्या विधेयकाचं काय?

राज्यपाल एखादं विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद टिकवायची असेल तर ही संमती लागतेच. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा मोक्का कायदा अशा संमतीने आला. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आपल्या विधिमंडळाने मंजूर केलेलं, महिलांवरील अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक मात्र संमतीसाठी गेलं आणि कायदा होऊ शकलं नाही.

आणि इथे संसदेपेक्षा राज्याची बाजू कमकुवत आहे. विधिमंडळाने पुन्हा मंजूर केलं तरी राष्ट्रपतींना संमती देणं भाग नाही. एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी राष्ट्रपतींनाही तीन महिन्यांची मुदत घालून दिली. त्यावर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी कलम १४३ खाली न्यायालयालाच १४ प्रश्न विचारले. नोव्हेंबरमध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पाच जणांच्या पीठाने मत दिलं की न्यायालय अशी मुदत ठरवू शकत नाही आणि मुदत उलटली म्हणून संमती ‘मिळाली’ असंही धरता येत नाही. म्हणजे झैल सिंग यांचं हत्यार शाबूत आहे. फक्त राज्यांच्या विधेयकांवर ते चालतं तेव्हा त्यामागचा हात बहुतेक वेळा केंद्र सरकारचा असतो, कारण या बाबतीतही राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात.

पंतप्रधान कोणाला नेमायचं हे राष्ट्रपती स्वतः ठरवतात का?

एका पक्षाला स्पष्ट बहुमत असेल तर ठरवण्यासारखं काही नसतं. त्रिशंकू लोकसभा आली की मात्र सल्ला द्यायला विश्वासार्ह मंत्रिमंडळच नसतं, आणि तेव्हा राष्ट्रपती खऱ्या अर्थाने एकटे असतात. घटनेत याची कार्यपद्धती नाही. प्रत्येक राष्ट्रपतीने आपापली वाट काढली आहे.

जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाईंनी राजीनामा दिल्यावर नीलम संजीव रेड्डींनी पहिलं निमंत्रण दिलं ते विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांना. मराठी माणूस पंतप्रधान होणार का, ही चर्चा आजवर अनेकदा झाली, पण राष्ट्रपती भवनातून रीतसर निमंत्रण आलं ते तेव्हा. चव्हाणांनी चार दिवस चाचपणी केली आणि जमत नसल्याचं कळवलं. मग चरण सिंग पंतप्रधान झाले, चव्हाण उपपंतप्रधान. लोकसभेला सामोरं जाण्याआधीच चरण सिंग यांनी राजीनामा दिला आणि लोकसभा विसर्जित करा असा सल्ला दिला. ज्याने बहुमत एकदाही सिद्ध केलं नाही त्याचा हा सल्ला मानायचा का? जगजीवनराम आपल्याकडे संख्या असल्याचं सांगत होते. रेड्डींनी त्यांना संधी न देता लोकसभा विसर्जित केली. राष्ट्रपतींच्या स्वेच्छाधिकाराचं इतकं वादग्रस्त दुसरं उदाहरण नाही.

१९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मांनी सर्वात मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावलं. सरकार १३ दिवस टिकलं. त्यातून धडा घेऊन नारायणन यांनी १९९८ मध्ये आधी पाठिंब्याची पत्रं मागितली. राजभवनाबाहेर आमदारांच्या सह्यांचे कागद मिरवताना आपण जे पाहतो, त्या धाटणीचा हा दिल्लीतला अवतार.

वटहुकूम म्हणजे राष्ट्रपतींचा कायदा का?

नावाने त्यांचा, ठरवतं मंत्रिमंडळ. संसदेचं अधिवेशन चालू नसताना कलम १२३ खाली तो काढता येतो आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर न झाल्यास गळून पडतो. मग तोच वटहुकूम पुन्हा पुन्हा काढायचा, अशी युक्ती राज्यपालांच्या नावाने बिहारने वर्षानुवर्षं चालवली. ती उघडकीला आणली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डी. सी. वाधवा यांनी. अभिलेख तपासताना त्यांना दिसलं की १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये असे २५६ वटहुकूम जिवंत ठेवले गेले होते, काही तर दहा वर्षांहून जास्त. ते स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९८६ मध्ये पाच न्यायाधीशांनी या प्रकाराला घटनेशी केलेली लबाडी ठरवलं.

फाशी माफ करण्याचा अधिकार तरी त्यांचा स्वतःचा असतो ना?

तोही नाही. कलम ७२ खालच्या दयेच्या अर्जावर गृहमंत्रालय शिफारस करतं आणि राष्ट्रपती त्यानुसार निर्णय देतात. तरीही राष्ट्रपती बदलला की कल बदलतो, हे आकड्यांतून दिसतं. कलाम यांनी पाच वर्षांत दोनच अर्ज निकाली काढले. प्रतिभाताई पाटील यांनी तीसहून अधिक जणांची फाशी जन्मठेपेवर आणली आणि त्यांच्यावर टीका झाली. प्रणव मुखर्जींनी बहुतेक अर्ज फेटाळले. कसाबचा अर्ज त्यांनी फेटाळल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला येरवड्यात फाशी झाली. सल्ला बंधनकारक असेल तर हा फरक कुठून येतो? पुन्हा तेच: फाईल कधी उचलायची, किती वेळ ठेवायची, कोणते प्रश्न विचारून परत पाठवायची, हे राष्ट्रपतींच्या हातात असतं.

मात्र या विलंबाची किंमत न्यायालय मोजायला लावतं. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी विलंब हे फाशी रद्द करण्याचं कारण मानलं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला, पण तो निकाली निघायलाच जवळपास आठ वर्षं लागली होती. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमच्या आमदाराच्या मताला किती मूल्य असतं?

महाराष्ट्रातल्या आमदाराच्या मताला १७५, गोव्यातल्या २०, उत्तर प्रदेशातल्या २०८ आणि सिक्कीममधल्या ७. राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, भागिले एक हजार. लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची धरतात, तेव्हा महाराष्ट्र पाच कोटींच्या थोडा वर होता. लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये म्हणून २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत हा आकडा गोठवला आहे.

सगळ्या आमदारांच्या मतांचं एकूण मूल्य भागिले निवडून आलेल्या खासदारांची संख्या, म्हणजे एका खासदाराच्या मताचं मूल्य. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभा नसल्याने ते ७०८ वरून ७०० वर आलं. त्या निवडणुकीत द्रौपदी मुर्मूंना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हांना ३,८०,१७७ मूल्याची मतं पडली.

विधान परिषदेचे आमदार आणि नामनियुक्त खासदार यांना मत नाही. मतदान गुप्त असतं आणि पक्षाचा व्हिप चालत नाही, त्यामुळे इथे युत्या आरामात मोडतात. शिवसेनेइतका याचा अनुभव कोणाला नसेल: भाजपसोबत असताना १९९७ मध्ये शेषन यांना, २००७ मध्ये मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना आणि २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींना तिने पाठिंबा दिला.

राष्ट्रपतींवर खटला भरता येतो का? त्यांना काढता येतं?

पदावर असेपर्यंत फौजदारी कारवाई नाही, अटक नाही. काढायचं तर महाभियोग, आणि कारण एकच: घटनेचा भंग. सभागृहाच्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. आजवर एकदाही असं घडलेलं नाही.

पद अचानक रिकामं झालं तर?

उपराष्ट्रपती काम पाहतात आणि सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागते. १९६९ मध्ये झाकीर हुसेन यांचं निधन झालं, काम पाहणारे व्ही. व्ही. गिरी निवडणूक लढवायची म्हणून पायउतार झाले आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतिपदाचं काम पाहत होते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले हिदायतुल्ला. निक्सन दिल्लीला आले तेव्हा त्यांचं स्वागत त्यांनीच केलं.

राज्यपाल म्हणजे राज्याचे राष्ट्रपतीच ना?

दिसायला तसं आहे, पण दोन फरक मोठे आहेत. राष्ट्रपती निवडून येतात. राज्यपालांना केंद्र नेमतं आणि केंद्राची मर्जी असेपर्यंत ते राहतात. शिवाय कलम १६३ राज्यपालांना काही बाबतींत स्वेच्छाधिकार देतं, तसं कलम राष्ट्रपतींसाठी नाहीच. परिणाम असा की राष्ट्रपती सरकारकडून नावं आली की राज्यसभेवर नेमणुका करतात, लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर असेच गेले. आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी नोव्हेंबर २०२० मध्ये पाठवलेली बारा जणांची यादी सरकार पडेपर्यंत राजभवनातच राहिली.

राष्ट्रपतींना पत्र लिहिलं तर माझं काम होईल का?

पत्र जरूर जाईल, नोंद होईल आणि संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्य सरकारकडे पाठवलं जाईल. त्यावर राष्ट्रपती स्वतः आदेश देत नाहीत, देऊही शकत नाहीत. सातबाऱ्याची नोंद, निवृत्तिवेतन, शाळेचा प्रवेश अशा गोष्टींसाठी तहसील किंवा संबंधित खात्यात अर्ज आणि नंतर अपील हाच जवळचा रस्ता आहे. दिल्लीला पाठवलेलं पत्र फिरून बहुधा त्याच टेबलावर येतं.